कोणते पान उन्हाला, कोणते बर्फाला

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, तोंडावर आली की लातूर-नांदेडकडच्या बाजारात पालेभाजीला भाव उरत नाही. मेथी, शेपू, चुका, कांद्याची पात, कोवळा हरभरा आणि कोथिंबीर यांचे ढीगच्या ढीग उतरतात. भज्जीच्या पातेल्यात त्या एका दिवशी हिरव्या पानांची चंगळ असते. एरवी मात्र संध्याकाळी उरलेल्या जुड्या जनावरांपुढे टाकून शेतकरी गावाकडे परततो. पुढे चार-पाच महिन्यांनी पारा बेचाळीसवर गेला की तीच कोथिंबीर मागून मिळत नाही. मिळालीच तर जून, पिवळट आणि सकाळी आणली की दुपारी मान टाकणारी.

कोथिंबीर हे थंडीचे पीक आहे. पेरल्यापासून चाळीसेक दिवसांत ती काढणीला येते, पण ऊन वाढले की पानांचा फुटवा थांबतो, दांडा वर सरकतो आणि फुले धरतात. उन्हाळी कोथिंबीर घ्यायची तर शेडनेट हवे आणि हाताशी पाणी हवे. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये नेमके पाणीच नसते. त्यामुळे पौषातला वास वैशाखापर्यंत घरात कसा टिकवायचा, हा इथल्या स्वयंपाकघराचा खरा प्रश्न आहे. फ्रीज घरोघरी आल्यापासून त्याला एकच उत्तर सरसकट दिले जाते: सगळे निवडा, चिरा आणि फ्रीजरमध्ये टाका. मला ते पटत नाही. काही पाने गोठवल्याशिवाय गत्यंतर नाही हे खरे. पण काही पाने गोठवणे म्हणजे घरच्या गच्चीवर फुकट मिळणारे ऊन वाया घालवून विजेचे बिल वाढवणे. आपला फ्रीजर लहान, वीज बेभरवशाची आणि ऊन मात्र कडक व कोरडे. या तिन्हींचा हिशेब मांडून प्रत्येक पानाची जागा ठरवायला हवी.

लातूर जिल्ह्याला कोथिंबिरीविषयी बोलण्याचा विशेष हक्क आहे. औसा तालुक्यातल्या आशिवच्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच सुमारास बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेलाही ते मिळाले. म्हणजे आमटीच्या एका वाटीत जाणारे तीन जिन्नस याच जिल्ह्यातले, आणि तिन्ही मानाचे. त्यांतली डाळ आणि चिंच वर्षभर डब्यात सुखाने राहतात. कोथिंबीर तेवढी दोन दिवसांची पाहुणी.

आधी उन्हाबद्दल बोलू, कारण ते जुने आणि अजूनही बिनतोड आहे. हरभरा पेरून महिनाभर झाला की शेंडे खुडतात. खुडल्याने झाडाला जास्त फांद्या फुटतात, पुढे घाटे वाढतात, आणि खुडलेला पाला भाजीला घरी येतो. या पानांवर आंब असते. पानांच्या बारीक केसांतून पाझरणारी मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले म्हणजे ही आंब, आणि या भाजीची सगळी चव तिच्यातच. म्हणून जुन्या जाणत्या बायका हा पाला धूत नाहीत. निवडायचा, झटकायचा आणि जुन्या सुती लुगड्यावर पातळ पसरायचा. दिवसातून दोनदा हलक्या हाताने वरखाली करायचा. तळव्यावर घेऊन चोळला की चुरा होतो इतका वाळला म्हणजे डब्यात भरायचा. मग ऐन उन्हाळ्यात बाजारात धड भाजी नसते तेव्हा हा चुरा बाहेर निघतो. लसणाची सढळ फोडणी, सुकी मिरची, थोडे बेसन किंवा ज्वारीचे पीठ, वरून शेंगदाण्याचा कूट, आणि ताटात गरम भाकरी. ही भाजी ओल्या भाजीची गरीब बहीण नव्हे. तिची चव निराळी आहे आणि अनेकांना ती ओल्यापेक्षा प्यारी आहे. एकच गोष्ट आता नव्याने पाळायला हवी. घाटेअळीसाठी फवारणी झालेल्या रानातला पाला खुडू नये. न धुता वाळवण्याची रीत फवारणी नसण्याच्या काळातली आहे.

असा पाला फ्रीजरमध्ये ठेवून काहीही हाती लागत नाही. मेथीचेही बरेचसे तेच. ओल्या पानात दबलेला तिचा गोडसर, कडवट, मसाल्याचा वास वाळल्यावर उठून येतो. राजस्थानातल्या नागौरकडची वाळलेली मेथी देशभर विकली जाते ती याच गुणावर. आपल्याकडेही हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की घरातल्या घरात, पंख्याखाली किंवा पडवीत, मेथी तीन-चार दिवसांत खडखडीत होते. थेट उन्हात टाकू नये. ऊन हिरवा रंग खाते आणि अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीनही कमी करते. क जीवनसत्त्व तर वाळवताना बहुतेक जातेच, सावलीत वाळवले तरी. ते जपायचे तर गोठवणे सरस. पण मेथी आपण वर्षाच्या मध्यावर आठवण काढून पराठ्यात, डाळीत, वड्यांत घालतो ती वासासाठी, जीवनसत्त्वासाठी नव्हे.

आता उन्हाची हार कुठे होते ते पाहू. कोथिंबिरीच्या पानाचा वास डेकॅनाल, डोडेसेनाल अशा अल्डिहाइड गटातल्या पदार्थांचा असतो. हे पदार्थ उडून जातात आणि हवेशी संयोग होऊन बदलतातही. पान वाळेपर्यंत त्यांचा मागमूस राहत नाही. रंग थोडाफार उरतो, वास नाही. त्याच झाडाच्या धण्यात मात्र मुख्य वास लिनॅलूलचा, आणि तो कोरड्या कवचाच्या आत टिकतो. म्हणून धणे वर्षभर भरून ठेवता येतात, पान भरून ठेवता येत नाही. फ्रीजरमधली पहिली जागा कोथिंबिरीची, असे मी म्हणतो ते यामुळे.

गोठवताना पानाचे काय होते? कोथिंबिरीत शंभरात ब्याण्णव भाग पाणी. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगते, आणि त्याचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात. गोठणे जितके संथ तितके स्फटिक मोठे आणि नासधूस जास्त. क्लॅरेन्स बर्ड्‌झाय हा अमेरिकन माणूस लॅब्राडोरमध्ये राहत असताना त्याने पाहिले की तिथल्या इन्युइट लोकांनी बोचऱ्या थंडीत झटक्यात गोठवलेला मासा महिन्यांनंतरही ताजा लागतो. त्यावरून त्याने १९२० च्या दशकात झटपट गोठवण्याची यंत्रे बनवली आणि १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्‌समधल्या स्प्रिंगफील्ड गावात गोठवलेला माल दुकानांतून विकायला आला. आपल्या दुकानात मिळणारे गोठवलेले मटार त्याच विद्येचे. घरच्या फ्रीजरला तो वेग नाही. तिथे पेशी फुटणारच, आणि फुटलेले पान पुन्हा ताठ उभे राहणार नाही. पण वास पेशी फुटल्याने जात नाही. तो हवेने आणि उबेने जातो. थंडी आणि हवाबंद पिशवी या दोन्हींनी तो बऱ्यापैकी जपला जातो.

यातूनच गोठवलेली कोथिंबीर कुठे वापरायची तेही ठरते. मुरमुऱ्यांचा सुशीला किंवा पोहे यांच्यावर वरून भुरभुरायला ती चालणार नाही. ओलसर, काळपट ठिपके पडतील. आमटी, रस्सा, पिठले, वांग्याची भाजी, ठेच्याचे वाटण यांत ती उत्तम. शेवटच्या उकळीला टाकायची, आधी नाही.

ही करायची कशी, ते सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेकांची कोथिंबीर बिघडते ती फ्रीजरमध्ये नाही, ओट्यावर. आपली जमीन काळी, चिकट. जुडीच्या मुळाशी तिचे गोळे असतात. आधी मुळे आणि सडकी पाने काढावीत. मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन त्यात कोथिंबीर बुडवून हलवावी आणि दोन्ही हातांनी वर उचलून घ्यावी. पातेले चाळणीत ओतू नये. ओतले की तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पाणी नितळ दिसेपर्यंत असे दोन-तीनदा करावे. त्यानंतर सुती कापडावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्यावी, आणि इथे घाई करू नये. पानावर राहिलेला प्रत्येक थेंब फ्रीजरमध्ये बर्फ होतो, पाने एकमेकांना चिकटतात आणि नंतर चिमूटभर काढायला गेले तर अख्खा गोळा हातात येतो. कोरडी कोथिंबीर धारदार सुरीने चिरावी. बोथट सुरी पान चेंगरते आणि कडा काळ्या पडतात. चिरलेली स्टीलच्या ताटात एकेरी थरात पसरून तास-दोन तास फ्रीजरमध्ये ठेवावी, कडक झाली की पिशवीत भरावी, हवा दाबून काढावी, पिशवी आडवी सपाट ठेवावी. पाहिजे तेव्हा हाताने मोडून तेवढीच घ्यावी आणि पिशवी लगेच परत आत टाकावी. बाहेर ठेवून मऊ होऊ दिली की पाणी सुटते आणि वास त्या पाण्याबरोबर जातो.

देठ टाकून देणाऱ्यांची मला फार हळहळ वाटते. कोवळ्या देठात भरपूर वास असतो. देठ, हिरव्या मिरच्या, लसूण आणि जिरे एकत्र वाटून, चमचाभर तेल घालून ते वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये भरावे. गोठले की चौकोन काढून पिशवीत ठेवावेत. ट्रे मात्र वेगळाच असावा, नाहीतर पाहुण्यांच्या सरबतात लसूण उतरतो. या वाटणात लिंबू, मीठ आणि शेंगदाणे आधी घालू नयेत. आम्लाने हरितद्रव्य बदलून हिरवा रंग शेवाळी होतो. शेंगदाण्याचे तेल महिन्यांनी खवट लागू लागते आणि मीठ त्या खवटपणाला हातभार लावते. चटणी करायची त्या दिवशी ते घालायला काय वेळ लागतो?

तेलात गोठवण्याचाही एक प्रकार आहे, आणि तो चांगला आहे, कारण कोथिंबिरीचा वास तेलात विरघळतो व धरून राहतो. शेंगदाण्याचे तेल थंडीत घट्ट बसते, करडईचे तितके बसत नाही. पण एक धोका ठळकपणे सांगितला पाहिजे. ओला पाला किंवा लसूण तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवू नये. तेलाखाली हवा नसते, आणि तिथे बोट्युलिझमचे जीवाणू वाढून विष तयार करू शकतात. त्या विषाला वासही नसतो आणि चवही नाही. असे तेल फ्रीजरमध्येच राहिले पाहिजे आणि काढले की थेट कढईत गेले पाहिजे. गोठवल्याने जंतू मरतात हाही एक गैरसमज आहे. त्यांची वाढ थांबते, इतकेच. धुण्यात केलेली कसूर फ्रीजर भरून काढत नाही.

पुदिन्याकडे वळले की नांदेड आठवते. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या शहराच्या स्वयंपाकावर हैदराबादची छाप आहे आणि बिर्याणीच्या थरात पुदिना मूठभरून पडतो. पुदिन्याचे पान कोरडे गोठवले तर लवकर काळे पडते, कारण पेशी फुटताच त्यातली विकरे हवेशी गाठ घालतात. म्हणून पाने तोडून ट्रेमध्ये भरावीत आणि ती बुडतील इतके पाणी घालून गोठवावीत. बर्फाचे वेष्टण हवेला आत येऊ देत नाही. पण पुदिना वाळवलाही चांगला जातो. इराण-तुर्कस्तानात वाळका पुदिना रोजचा आहे. रायते, ताक, जलजिरा यांना वाळका, बिर्याणीला आणि चटणीला गोठवलेला, अशी वाटणी मला योग्य वाटते. आणि कुंडीत, अर्ध्या सावलीत, रोज तांब्याभर पाणी मिळाले तर तो उन्हाळाही काढतो. तसे असेल तर दोन्ही खटाटोप नकोत.

शेपूबद्दल मराठी घरांत कायमचे दोन तट आहेत. आवडणाऱ्यांसाठी एवढेच: बारीक चिरून कोरडा गोठवलेला शेपू वास चांगला धरतो. रशियापासून स्वीडनपर्यंतच्या थंड मुलखात तो असाच ठेवतात.

कढीपत्ता गोठवण्याची आपल्याला गरजच नाही. परसात किंवा शेजारी झाड असतेच, आणि मागायला कोणी लाजत नाही. पण इथली मुले-मुली अमेरिकेत जाऊन राहिली की त्यांना कढीपत्त्याची किंमत कळते. हे झाड लिंबाच्या कुळातले आहे. लिंबूवर्गीय बागा उद्ध्वस्त करणारा रोग पसरवणारी सायला कीड त्यावर पोसली जाते, म्हणून तिथे ताज्या कढीपत्त्याच्या आयातीवर आणि वाहतुकीवर कडक निर्बंध आहेत. मग भारतीय दुकानात मिळालेली पिशवी डहाळ्यांसकट गोठवायची आणि पाने थेट फोडणीत टाकायची, हा तिथल्या मराठी घरांचा शिरस्ता झाला आहे. डहाळी पुसून कोरडी केली तर वास चांगला राहतो. वाळवलेल्या कढीपत्त्यात मात्र चटणीपुरताच जीव उरतो.

पालक, चुका, अंबाडी, तांदुळजा ही वासाची नव्हे, पोटभरीची पाने. ती कच्ची गोठवली तर विकरे आत काम करत राहतात, दोन महिन्यांत रंग मळतो आणि गवताचा उग्र वास येतो. त्यांना उकळत्या पाण्यात दोन मिनिटे आणि लगेच थंड पाण्यात बुडवणे भाग आहे. म्हणजे एका भाजीला दोन भांडी पाणी. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली रेल्वे ज्या लातूरने पाहिली, त्या लातूरला हा सल्ला डोळे झाकून देता येत नाही. वाफेवर ठेवले तर पाणी थोडक्यात भागते, वेळ दीडपट लागतो. थंड करायला वापरलेले पाणी झाडांना जावे. आणि अंबाडीला तर हा सोसही नको. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पट्ट्यात, पलीकडच्या तेलंगणाप्रमाणे, अंबाडीची पाने तेलात परतून, मीठ-मिरची-लसूण घालून लोणच्यासारखी टिकवली जातात. तिचे स्वतःचे आम्ल त्या कामी येते. फ्रीजरपेक्षा ती रीत मला शहाणी वाटते.

राहिला फ्रीज. गोठवलेल्या मालासाठी उणे १८ अंश हे जगभर धरलेले माप आहे. दोन दारांच्या फ्रीजचा वेगळा फ्रीजर त्याच्या आसपास जातो. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुतेक वेळा जात नाही, आणि दार उघडझाप झाली की तापमान आणखी चढते. अशा कप्प्यात कोथिंबीर सहा महिने राहील अशी आशा धरू नये; सहा-आठ आठवड्यांचाच बेत करावा. चांगल्या फ्रीजरमध्ये जानेवारीत ठेवलेली कोथिंबीर जूनपर्यंत उपयोगी राहते. आपल्याला तेवढीच मुदत हवी असते, कारण पुढे मृगाच्या पावसानंतर बाजार पुन्हा हिरवा होऊ लागतो. वर्षभर ठेवली तरी ती विषारी होत नाही, पण मग तिच्यात ठेवण्यासारखे काही उरलेले नसते. पिशवीवर महिना लिहून ठेवावा.

उन्हाळ्यात वळवाच्या वादळाने तारा तुटल्या की तासन्‌तास वीज नसते. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीजर दार बंद ठेवल्यास सुमारे दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. हे माप आपल्यापेक्षा थंड घरांवरून ठरलेले आहे. नांदेडच्या मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात त्यातून बरीच वजाबाकी करावी लागते. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर थंडी जास्त वेळ राहते. वीज आल्यावर पिशवी हाताने चाचपावी. आत बर्फाचे कण लागले तर तिला पुन्हा गोठू द्यायला हरकत नाही. पूर्ण मऊ, कोमट झाली असेल तर टाकून द्यावी.

आठवड्याभराच्या कोथिंबिरीला तर फ्रीजरच नको. न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून, डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या भागात ठेवावी. वर्तमानपत्रात गुंडाळू नये. छपाईची शाई अन्नाला लागते म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच त्याविरुद्ध सूचना काढली होती, तरी अजून घरोघरी ती सवय आहे.

हिवाळ्यात जनावरांपुढे पडणाऱ्या जुड्यांचा प्रश्न मात्र घरच्या ट्रेने सुटणारा नाही. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत २०२० पासून लहान उद्योगाला खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान आहे. बचत गटांना त्यातून हरभऱ्याचा वाळका पाला आणि वाळकी मेथी आजच्या आज विकायला काढता येईल. त्याला शीतगृह लागत नाही आणि पुण्या-मुंबईतल्या मराठवाड्याच्या माणसाला तो हवाच असतो. गोठवलेल्या कोथिंबिरीची गोष्ट अवघड आहे. शेतापासून दुकानापर्यंत कुठेही थंडी तुटून चालत नाही. म्हणून आशिवसारख्या गावात पहिला खर्च व्हावा तो गोठवण्याच्या यंत्रावर नव्हे, तर काढणी होताच जुड्या थंड करणाऱ्या एका छोट्या खोलीवर. पहाटे काढलेली कोथिंबीर दुपारचे ऊन लागण्याआधी त्या खोलीत गेली, तर तिला गोठवण्याची गरज पडण्याआधीच ताज्या भावाने विकायला आणखी चार-सहा दिवस मिळतील.